राजाची पाठ

माझ्या अक्काचे यजमान सांबशिव यांनी ही गोष्ट घडेपर्यंत चाकूने एकही वस्तू पुरी केली नव्हती. तरी संध्याकाळी त्यांच्या घरावरून जाणाऱ्याला ते ओट्यावर बसून लाकूड तासतानाच दिसायचे. चाकू साधाच, मिटता, खिशात मावणारा, तंजावूरच्या मोठ्या देवळाच्या रस्त्यावर पथारीवाल्याकडून घेतलेला. त्यानेच पेरू कापायचा, त्यानेच पेन्सिलीला टोक काढायचं, त्यानेच गठ्ठ्याची सुतळी तोडायची, आणि दुसरं काही कापायला उरलं नाही की लाकूड.

लाकूड कुठलंही चालायचं. वीणा करणाऱ्यांच्या दारात पडलेला फणसाचा तुकडा, शेवग्याची वाळकी फांदी, शेजाऱ्यांच्या नव्या रंगीत टीव्हीच्या खोक्यातली फळी. एका टोकाला धरायचं आणि सोलत जायचं. मनगटाएवढ्या तुकड्याची करंगळी व्हायची, करंगळीची काडी व्हायची, आणि काडी दात कोरायला गेली की दुसरा तुकडा हातात यायचा. काय करताय असं कुणी विचारलं तर भावोजी म्हणायचे, "गुळगुळीत करितों." रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. आमचे भावोजी भिंतीला हात लावत नसत, एवढाच फरक.

त्यांना दोष तरी किती द्यायचा? सरकारच्या कालवे खात्यात ते नकाशे काढायला होते. कावेरीच्या पाटांवरचे कितीतरी बांध आधी त्यांच्या कागदावर उभे राहिले. डावीकडे जेवढं, तेवढंच उजवीकडे, ही त्यांची नोकरी आणि हाच त्यांचा स्वभाव. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं असलं तर त्यांना जेवण गोड लागत नसे. निवृत्त झाल्यावर बोटांना काहीतरी हवं होतं, ते चाकूने दिलं. अक्का रोज सकाळी ओट्यावरच्या सालपटांचा ढीग कुरकुरत झाडायची आणि अंघोळीच्या बंबात घालायची. पाणी मात्र त्यावर चांगलं तापायचं, हे ती कधी कबूल करत नसे.

मी अक्काचा धाकटा भाऊ, वैद्यनाथ. कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. लग्न केलं नाही, त्यामुळे संध्याकाळची कॉफी अक्काकडे आणि बऱ्याचदा जेवणही. बिनलग्नाच्या माणसाला दुसऱ्याचा संसार जरा जास्तच दिसतो. त्याला तिथे दुसरं काम काय असतं?

तर ही गोष्ट अक्काच्या बाहुल्यांची.

आमच्याकडे मुलगी सासरी जाताना तिला रक्तचंदनाच्या बाहुल्यांची जोडी देतात. राजा आणि राणी, वीतभर उंच, नाकडोळे जेमतेम खोदलेले. जोडीला मरप्पाची म्हणतात. नवरात्रात घरोघर पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या ठेवतात, तो कोलू, आणि त्यात सगळ्यांत वर ही जोडी, कपडे नेसवून, दागिने घालून. ती आईकडून लेकीकडे जाते. मुलग्यांचा तिच्याशी संबंध नसतो. अक्काला अम्माकडून मरप्पाची मिळाली आणि मला एक पंचपात्र मिळालं, ज्याची पळी आधीच हरवलेली होती.

नवरात्र सोडून उरलेलं वर्ष आमची अम्मा, वेंकूबाई, त्या जोडीचा वेगळाच उपयोग करायची. रक्तचंदन औषधी. कुणाचा गाल सुजला, गळू आलं, पडून कपाळावर टेंगूळ आलं, की अम्मा ट्रंकेतून राजा काढायची, त्याचा अंगरखा उतरवायची आणि सहाणेवर पाणी घालून त्याची पाठ उगाळायची. लाल गार लेप गालावर बसला की शाळेला सुटी. राजाच का, राणी का नाही, असं मी विचारलं होतं. अम्मा म्हणाली, राणीचं लुगडं सोडून परत नेसवायला अर्धा दिवस जातो, तोवर तुझी सूज आपोआप उतरेल. आम्ही दोघं, मग गल्लीतली पोरं, मग अक्काच्या लग्नानंतर तिची अखिला, सगळ्यांची दुखणी त्या एका पाठीवरून गेली. जोडी अक्काकडे गेल्यावरही उगाळायला अम्माच यायची. ती उगाळायची एकाच कोनात, अंगठा एकाच जागी टेकवून. राजाच्या उजव्या खांद्याखाली त्या अंगठ्याचा खळगा पडला होता. बाजूने पाहिलं तर राजा उपाशी वाटायचा. राणी मात्र होती तशी भरलेली.

अखिलाचं लग्न ठरलं तेव्हा कॉम्प्युटरातली दोन हजार सालाची चूक दुरुस्त करायला इकडची निम्मी पोरं अमेरिकेला निघाली होती. अखिला चेन्नईला त्याच कामावर होती आणि तिचा सुरेंद्रही त्याच कामावर; लग्न झालं की दोघं तिकडेच जाणार होते. घराणं आमच्यातलंच, तंजावूरचंच, आजोबांच्या काळात चेन्नईला मांबळमला गेलेलं. सुरेंद्रला आई नव्हती. आत्येने, सीतालक्ष्मीने, वाढवलेला. ही सीतालक्ष्मी बोलायला गोड, पण तिचे डोळे दागिन्यांच्या तराजूसारखे होते. अक्का तिला मनातून टरकून असायची.

लग्नाची तयारी सुरू झाली आणि एका संध्याकाळी अक्काने ट्रंक उघडली. जोडी काढून कपडे उतरवले, अंग पुसलं, खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि दोघांना टीव्हीवर शेजारी शेजारी उभं केलं. मी कॉफी पीत होतो. भावोजी दाराशी बसून कसलीशी फळी सोलत होते.

"हे असे द्यायचे तरी कसे?" अक्का म्हणाली. "राजा वाळून गेलाय, राणी टुमटुमीत. सीतालक्ष्मी बघेल आणि म्हणेल, ह्या घरांत नवऱ्याला जेवायला घालीत नाहीत."

यात एक टोला भावोजींनाही होता. ते स्वतः काडी आणि अक्का अंगाने चांगली भरलेली. गल्लीत त्यावर विनोद चालायचे आणि अक्काही त्यांत हसायची.

"दोघें सारखे दिसले पायजेत," ती पुढे म्हणाली. "कांहीतरी करायला पायजे."

भावोजींनी मान वर करून टीव्हीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डावीकडे तेवढं उजवीकडे नव्हतं. मी ते पाहणं पाहिलं, पण कॅलेंडरकडेही ते असंच पाहायचे, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

त्यानंतर अक्का चेन्नईला गेली. सीतालक्ष्मीला सोबत घेऊन कांचीपुरमला रेशमी साड्या पाहायच्या होत्या, नातेवाइकांना बोलवायचं होतं. भावोजींच्या जेवणाची व्यवस्था माझ्याकडे, म्हणजे कोपऱ्यावरच्या मेसकडे. मधले काही दिवस मला कॉलेजच्या तपासणीमुळे वेळ झाला नाही, डबा मेसचा मुलगा पोचवत होता. मोकळा झालो त्या संध्याकाळी कॉफीच्या आशेने गेलो, तर ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं. भावोजी कधी काही अंथरत नसत. कागदावर लाल सालपटं होती, बारीक, कुरळी. आणि त्यांच्या हातात राणी होती.

मी चप्पल काढायची विसरलो.

"हें काय चाललेंय?"

"सम करितों," भावोजी म्हणाले.

"अक्काला विचारलेंत?"

"तिनेंच सांगितलें की. दोघें सारखे दिसले पायजेत म्हणून. तूं होतास न्हे तिथें? राजाला तर वाढवतां येत नाही. मग राणीलाच उतरवायला पायजे."

तर्कात चूक काढायला जागा नव्हती. भावोजींची हीच पंचाईत, त्यांचा तर्क नेहमी बरोबर असतो. चाकूला कमी करता येतं, जोडता येत नाही. तेव्हा दोन वस्तू सारख्या करायच्या तर मोठीने लहान व्हायचं. यात कुणी अडचण काढली असती तर त्यांना ती समजलीसुद्धा नसती.

मी बोलून काही वाचण्यासारखंही उरलं नव्हतं. राणीचे खांदे उतरले होते, कंबर गेली होती. पण ती राजाएवढी होता होता जरा जास्तच उतरली, म्हणून मग राजाचं पोट घेतलं. पोट घेतल्यावर पाठीतला खळगा फार खोल दिसायला लागला, म्हणून खळग्याच्या भोवतीचं लाकूड काढून पाठ गोल केली. मग डोकी मोठी वाटायला लागली. रक्तचंदन म्हणजे काय शेवगा नव्हे, दगडासारखं लाकूड. चाकूला दर थोड्या वेळाने पायरीच्या दगडावर धार लावावी लागत होती, भावोजींच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. अक्का गेल्यापासून हे चाललं होतं. वीतभर जोडी आता तळहाताच्या आत मावत होती.

आणि तरीही खरं सांगायचं तर काम सुरेख झालं होतं. मला ते सुरेख वाटलं याचा त्या वेळी रागही आला. दोघं अगदी जोडीचे दिसत होते. राजाच्या ओठावर मिशीची एक रेघ, राणीच्या पाठीवर वेणीचे पेड, आणि दोघांच्या अंगावर चाकूचा एकही ओरखडा शिल्लक नाही. ज्या माणसाने आजवर फक्त दातकोरणी केली, त्याने पहिल्यांदा काहीतरी पुरं केलं होतं. भावोजींचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलासारखा झाला होता. त्यांनी कागदाच्या चारी कडा उचलल्या, लाल सालपटं मधे गोळा केली आणि मागच्या दारी नेऊन बंबात घातली.

"ती आली की म्हणेल, ओटा घाण केला म्हणून," ते म्हणाले.

बायकोला त्रास नको म्हणून केलेली ती आयुष्यातली पहिली सफाई. पाणी छान तापलं. त्यांनी अंघोळ केली आणि मलाही आग्रह केला. मी घरी जाऊन गार पाण्याने केली.

अक्का दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने आली. मी मुद्दाम हजर राहिलो. का, ते मलाच नीट सांगता येणार नाही. कदाचित भांडी आपटली तर उचलायला कुणीतरी असावं म्हणून. भावोजींनी जोडी टीव्हीवर होती तिथेच ठेवली होती, खाली स्वच्छ रुमाल घालून. अक्काने पिशव्या ठेवल्या, पाय धुतले, पदराला हात पुसले, आणि मग तिचं लक्ष गेलं.

ती ओरडली नाही. तिने आधी राणी उचलली आणि परत ठेवली. मग राजा उचलला आणि त्याला उलटा करून पाठीवर अंगठा फिरवला. खांद्याखाली जिथे खळगा होता तिथे अंगठा घसरला. तिने परत फिरवला. परत घसरला.

"इथें होतें तें कुठें?" तिने विचारलं.

"सम केलें," भावोजी म्हणाले. त्यांना अजून वाटत होतं की ती कौतुक करते आहे. "बघ, आतां दोघें सारखे."

"मी कापूस घालणार होतें," अक्का म्हणाली.

भावोजींना कळलं नाही. मलाही नाही.

"अंगरख्याच्या आंत. अम्मा दर नवरात्रांत घालीत होती. पाठीला कापूस, वरून अंगरखा, मग कोण बघतंय वाळला का काय तें. थोडा जास्त कापूस घालायला पायजे, एवढेंच मी म्हणत होतें."

इतकी वर्षं एकाच घरात राहून भावोजींनी त्या बाहुल्यांना कपडे चढवताना एकदाही पाहिलं नव्हतं. पाहण्याचं कारणही नव्हतं. ते बायकांचं काम, दार लोटून, दुपारी. पुरुषांना राजा दिसायचा तो अंगरखा घातलेला, भरलेला, वरच्या पायरीवर उभा. मला तरी कुठे माहीत होतं? अम्माचाच मुलगा मी.

"सालपटें कुठें आहेत?" अक्काने विचारलं.

भावोजींनी मागच्या दाराकडे पाहिलं. अक्काने त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं आणि तिला बंब दिसला. तेव्हा ती खाली बसली.

"मला झिजलेलाच पायजे होता," ती म्हणाली. ती हे मला सांगत होती. "ती जागा अम्माच्या हाताची होती. त्यांत अंगठा ठेवला कीं ती जवळ आहे असें वाटत होतें. तिचा एक फोटो नाही आमच्याकडे, तुला माहीत आहे. दुसरें काय होतें माझ्याकडे तिचें?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी थट्टा एरवी माझ्या जिभेवर तयार असते. त्या दिवशी ती सुचली नाही. मला अम्माची आठवण आली, गालावरचा तो गार लेप आठवला, आणि माझ्या भावोजींचा मला मनापासून राग आला. एक दिवसभर आला. मग ओसरला, कारण त्यांच्याकडे पाहून राग टिकत नाही.

अक्काचा टिकला. ती भावोजींशी बोलेना. घरात लग्न, हजार कामं, आणि नवराबायकोचं बोलणं माझ्यामार्फत. "त्यांना सांग, मंडपवाल्याला फोन करायला." भावोजी तीन हातांवर बसलेले. मी तोंड वळवून सांगायचो, "भावोजी, मंडपवाल्याला फोन करा म्हणे." भावोजी मला सांगायचे, "केला म्हणून सांग." यात माझी कॉफी रोज गार व्हायची.

भावोजी एकदा राजवाड्याकडच्या दुकानात जाऊन नवी जोडी घेऊन आले. वीतभर, लालभडक. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की अस्सल रक्तचंदन आता येत नाही, हे दुसरंच लाकूड, वरून रंग. अक्काने खोक्याचं झाकणही उघडलं नाही. मग त्यांनी मला विचारलं, त्याच राजाला तसाच खळगा पाडून दिला तर? मी म्हटलं, भावोजी, चाकू ठेवा आता. त्यांना चूक कळली होती, आणि चूक कळलेल्या माणसाला करायला काहीच नसलं की त्याचं फार वाईट होतं.

लग्नाच्या आठवड्यात अखिला आली. तिला आम्ही घाबरत घाबरत जोडी दाखवली. तिने राजाराणी एका मुठीत धरले आणि म्हणाली, "मामा, हें बरें झालें. विमानाला सामानाचें वजन फार बघतात. पर्समध्येच ठेवितें." गालफुगीत तिच्याच गालावर तो राजा उगाळला होता, पण तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. लहान होती ती. भावोजींना तिच्या बोलण्याने हायसं वाटलं. अक्का आत निघून गेली. लेकीला राग आला असता तर तिला थोडं बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

तरी जोडी द्यायची तर तीच द्यायची होती. दुकानातली रंगवलेली द्यायला अक्का तयार नव्हती, आणि न देता मुलगी पाठवायलाही नाही. तिने राणीला पैठणीच्या काठाचा तुकडा नेसवला, राजाला जरीचा अंगरखा शिवला. आधीचे कपडे आता बाहुल्यांवरून ओघळत होते. ती शिवत असताना भावोजी दारात उभे राहून बघत होते. पहिल्यांदाच. तिने दार लोटलं नाही, पण मान वरही केली नाही.

लग्न मंडपात छान झालं. मामा म्हणून मला जेवढं मिरवायचं तेवढं मी मिरवलो. मुलीला आंदण देण्याची वेळ आली, तबकं पुढे आली, बायका गोल करून बसल्या. चांदीचं झालं, साड्यांचं झालं, आणि अक्काने छोट्या तबकात जोडी ठेवली. एवढ्या मोठ्या तबकांच्या रांगेत ती जोडी सुपारीएवढी दिसत होती.

सीतालक्ष्मीने वाकून पाहिलं. "मरप्पाची?" ती म्हणाली. "इतकी लहान? वेंकूबाईंची जोडी म्हणून ऐकलें होतें आम्ही. मोठी असेल म्हणून वाटलें. आतां दुकानांत बरी मोठी मिळते की."

बायका थांबल्या. खांबाजवळ भावोजी उभे होते, धोतरासारखी नवी वेष्टी नेसून, खांद्यावर अंगवस्त्र. त्यांनी ऐकलं. त्यांची मान खाली गेली. मला वाटलं, आता अक्का सगळ्यांसमोर सांगेल. सांगण्यासारखं तिच्यापाशी खूप होतं, आणि सांगायचा तिला हक्कही होता.

अक्काने राजा उचलला आणि सीतालक्ष्मीच्या तळहातावर ठेवला.

"दुकानांत ही मिळणार नाही," ती म्हणाली. "हें लाकूड माझ्या अम्माचें. कोरलें आमच्या यांनी, आपल्या हातानें, साध्या चाकूनें. मिशी बघा राजाची. बोटाला चिंध्या बांधून काम केलेंय, मुलीसाठी म्हणून. कुणाच्या बापानें केलेंय असें?"

सीतालक्ष्मीने चष्मा लावला. जोडी या हातातून त्या हातात फिरायला लागली. वेणीचे पेड पाहून कुणीतरी वाहवा केली, कुणी म्हणालं आमच्या मुलीसाठीही करून द्याल का. सीतालक्ष्मीनेही शेवटी म्हटलं की दागिन्यांपेक्षा हेच भारी. खांबाजवळच्या माणसाची मान वर आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी दुसरीकडे पाहिलं.

मुलगी गेली, पाहुणे गेले. त्या संध्याकाळी घरात आम्ही तिघंच होतो. मंडपातून आलेली भांडी अक्का पुसून फळीवर लावत होती. भावोजी जवळ जाऊन उभे राहिले. कितीतरी दिवसांनी ते तिच्याशी थेट बोलले.

"सगळ्यांना आवडली न्हे जोडी?"

अक्काने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मंडपांत बोलिलें तें तुमच्यासाठी बोलिलें," ती म्हणाली. "चार माणसांत तुमची मान खाली जाऊं नये म्हणून. खोटें नाही बोलिलें. पण तें तिथें. घरांत तसें नाही. घरांत माझ्या अम्माची बाहुली तुम्ही कापली, ती कापलीच. तें मला आठवत राहणार. मी बोलेन तुमच्याशी, जेवायला वाढीन, सगळें करीन. पण गेलें तें गेलें, हें तुम्हांला ठाऊक असायला पायजे."

"होय," भावोजी म्हणाले.

त्यांनी खिशातून मिटलेला चाकू काढला आणि स्वयंपाकघरात विळीशेजारी ठेवून दिला. कुणी मागितला नव्हता.

त्यानंतर नवराबायकोचं बोलणं पूर्ववत सुरू झालं, माझी सुटका झाली. पण भावोजी ओट्यावर नुसते बसायला लागले. हात गुडघ्यांवर, नजर रस्त्यावर. ओटा लख्ख. अक्काला इतकी वर्षं जसा हवा होता तसाच. बंबाला ती बाजारातून लाकडं आणू लागली. शेजारीपाजारी विचारायचे, काय सांबशिव, चाकू कुठे? ते म्हणायचे, पुरे झालें. त्यांची बोटं गुडघ्यावर हळूहळू हलत असायची, काहीतरी सोलल्यासारखी. मला त्यांची कीव यायची, हे लपवण्यात अर्थ नाही.

अक्कालाही दिसत होतं. ती आतबाहेर करताना जरा थांबायची, त्या हातांकडे पाहायची आणि निघून जायची.

मग एके दिवशी केबल टीव्हीवाले आमच्या रस्त्यावर तारा ओढायला आले आणि वाटेत येणाऱ्या कडुलिंबाच्या फांद्या छाटून तिथेच टाकून गेले. मी कॉफीला आलो तेव्हा अक्का रस्त्यातून एक फांदी ओढत आणत होती. मी पुढे झालो तर तिने हातानेच नको म्हटलं. फांदीचा चांगला सरळ तुकडा तिने कोयत्याने तोडून घेतला, डहाळ्या काढल्या, आत गेली, चाकू घेऊन आली आणि दोन्ही वस्तू भावोजींच्या मांडीजवळ ठेवल्या.

भावोजींनी हात लावला नाही. लाकडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हें कुणाचें?" त्यांनी विचारलं.

"कुणाचें नव्हे," अक्का म्हणाली. "म्हणून तर आणलें."